डिस्चार्ज मिळाला! सव्वा महिन्याचं काय?

दवाखान्यातून सुट्टी झाली की आपण सुटलो म्हणतो. पण पेशंटची खरी परीक्षा घरी पोचल्यावर सुरू होते. आणि घर शिरूर कासारला असेल, तर ती जरा जास्तच कठीण असते...

कंपनी सोडताना काय काय करावं लागतं, आठवून पाहा. आधी नोटीस पिरियड. मग हँडओव्हर डॉक्युमेंट. मग तुमच्या जागी येणाऱ्या माणसाला केटी, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. कुठला क्लायंट कधी भडकतो, कुठली फाइल कुठं आहे, सिस्टिम बंद पडली तर कुणाला फोन करायचा... सगळं लिहून द्यावं लागतं. एका एक्सेल शीटसाठी आपण महिनाभर केटी देतो, राव!

आता दवाखान्यातला डिस्चार्ज आठवा. सकाळी मोठे डॉक्टर राउंडला येतात आणि म्हणतात, ''आज सुट्टी!'' मग दिवसभर तुमची पळापळ. बिलिंग काउंटर, इन्शुरन्स डेस्क, उरलेली औषधं परत करायची लाइन, पुन्हा बिलिंग काउंटर. संध्याकाळी एकदाची फाइल हातात पडते. सिस्टर दोन मिनिटांत सांगते, ''ही सकाळी, ही रात्री, ही दुखलं तरच. सात दिवसांनी दाखवायला या.'' झाली केटी! बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवतोय, पेशंटला कधी एकदा घरी जाते असं झालंय आणि तुमचा बॉस मोबाइलवर आहे. कोण काय विचारणार?

इंजिनिअरिंगवाल्यांना केटीचा दुसरा अर्थही चांगलाच माहीत आहे. विषय राहिला की केटी लागते. दवाखान्यातही तसंच आहे. पहिली केटी नीट झाली नाही, की दुसरी लागते. पेशंट पंधरा दिवसांत पुन्हा त्याच वॉर्डात!

फाइल पुण्यात, पेशंट गावाकडं

पुण्यातल्या कुठल्याही ऑफिसात बीड जिल्ह्यातला एखादा तरी कलीग सापडतोच. कुणी हिंजवडीत कोडिंग करतंय, कुणी खराडीत बॅक ऑफिसला आहे. आई-वडील मात्र गावाकडं. मोठं दुखणं आलं, की पेशंट बीडला, अहिल्यानगरला, छत्रपती संभाजीनगरला किंवा थेट पुण्याला येतो. मोठ्या दवाखान्यात उपचार होतात, बरं वाटतं आणि मग पेशंट पुन्हा गावी, सिंदफणेच्या काठच्या शिरूर कासारला किंवा तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर.

गडबड होते ती या प्रवासात. डिस्चार्ज कार्ड डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी, डॉक्टरांच्या भाषेत लिहिलेलं असतं. गोळीच्या नावापुढं 'ओडी', 'बीडी', 'टीडीएस', 'एसओएस'. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, हे आपल्याला गूगल सांगतं. गावाकडच्या आजोबांना बीडी म्हटल्यावर काय आठवेल, ते सांगायला नको! आणि टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा, पगारातून कापतात तो नव्हे.

जोक्स अपार्ट, यातून होणाऱ्या चुका जिवावर बेततात. समजा, वडिलांना आधीपासून बीपीची एक गोळी चालू आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी तेच औषध दुसऱ्या कंपनीचं लिहून दिलं. नाव वेगळं, पाकीट वेगळं. जुनी गोळी बंद करायची, हे कुणी सांगितलंच नाही. वडील इमानेइतबारे दोन्ही घेतात. चार दिवसांनी चक्कर येऊन पडतात. उलटंही होतं. अँजिओप्लास्टीनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या 'आता बरं वाटतंय' म्हणून महिनाभरात बंद होतात. स्टेंट बसवलेल्या माणसानं त्या डॉक्टरांना न विचारता थांबवल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा हार्ट अॅटॅक येऊ शकतो. इथं कुणी मुद्दाम बेफिकीर नसतं. सांगायला हवं होतं ते नेमक्या माणसाला, नेमक्या शब्दांत सांगितलं गेलेलं नसतं, एवढंच.

अमेरिकेलाही घाम फुटला

हा फक्त आपल्याकडचा लोच्या आहे, असं समजू नका. २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या मेडिकेअर योजनेच्या पेशंट्सचा एक अभ्यास आला. ही योजना मुख्यतः ज्येष्ठांसाठी आहे. सुट्टी झालेल्या दर पाचातला एक पेशंट ३० दिवसांत पुन्हा भरती झाला होता! त्याहून बोलका आकडा पुढंच आहे. औषधोपचार घेऊन घरी गेलेले जे पेशंट महिनाभरात परत भरती झाले, त्यातल्या निम्म्यांनी मधल्या काळात कुठल्याही डॉक्टरला दाखवल्याची नोंदच नव्हती. सुट्टी ते पुढची भरती, मध्ये सगळा अंधार.

त्याच वर्षी बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी 'प्रोजेक्ट रेड' नावाच्या प्रयोगाचे निकाल मांडले. त्यात ना नवं मशीन होतं, ना नवं औषध. एका नर्सकडं फक्त डिस्चार्जचं काम दिलं. ती पेशंटशी बोलून पुढच्या अपॉइंटमेंट ठरवायची, औषधांचा मेळ घालायची आणि सोप्या भाषेतली चित्रांची छोटी पुस्तिका हातात द्यायची. दोन-चार दिवसांनी फार्मासिस्ट घरी फोन करून गोळ्या नीट चालू आहेत ना, हे विचारायचा. एवढ्यावर महिनाभरातल्या दवाखान्याच्या फेऱ्या सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्या. २०१२ पासून तर अमेरिकी सरकारनं ठराविक आजारांत जास्त पेशंट परत येणाऱ्या हॉस्पिटलांचे पैसेच कापायला सुरुवात केली.

परत भरती होणं म्हणजे दर वेळी कुणाची तरी चूक, असंही नाही बरं का. काही आजारच तसे असतात. त्रास वाढल्यावर वेळेत परत येणं हे तर शहाणपणाचंच. टाळायची आहे ती टळण्यासारखी भरती. शिवाय आपल्याकडं आणखी एक भीती असते. परत यायला हवं असतं तो पेशंट येतच नाही. गाडीभाडं नाही, सोबत कुणी नाही, रोज बुडतो. म्हणून तो अंगावर काढतो.

पेशंट फडात गेला तर?

शिरूर कासारमध्ये या सगळ्याला आणखी एक पदर आहे. हा ऊसतोड कामगारांचा तालुका. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथल्या वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून माणसं पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या कारखान्यांकडं निघतात. परततात ती उन्हाळ्यात. कामाचा हिशेब 'कोयत्या'वर चालतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. ती फेडायची तर दोघांनीही फडात उभं राहायला हवं.

आता अशा बाईच्या डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलेलं असतं? 'रेस्ट. फॉलो-अप आफ्टर फिफ्टीन डेज.' पंधरा दिवसांनी ती असणार कुठं? कोल्हापूरकडच्या एखाद्या फडावर, कोपीत. पहाटे उठून ऊस तोडायचा, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घ्यायची, फळीवरून चालत ट्रकवर चढवायची. तिच्यासाठी 'रेस्ट' हा शब्द परग्रहावरचा आहे.

हा प्रश्न किती खोल आहे, ते २०१९ मध्ये सगळ्या देशाला दिसलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या आणि विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पुढं खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागेल, असा नियम जिल्ह्यात लागू झाला.

ऑपरेशनची गरज होती का, हा प्रश्न तेव्हा खूप गाजला आणि तो गाजायलाच हवा होता. पण ऑपरेशननंतर काय, हे फारसं कुणी विचारलं नाही. पोटाच्या अशा शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचं नसतं. आतले टाके भरायला तेवढा वेळ लागतोच. अंडाशयंही काढली असतील, तर हाडं कमी वयात ठिसूळ होण्याचा धोका असतो, म्हणजे पुढची कित्येक वर्षं तपासणी हवी. आणि इकडं एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा! त्या वेळच्या बातम्यांमध्ये एका खाड्याला ५०० रुपये कापले जात असल्याचं आलं होतं. डॉक्टर म्हणतात सहा आठवडे आराम, मुकादमाचा हिशेब म्हणतो रोज हजर. कार्डावरचा एक शब्द ही मारामारी कशी जिंकणार?

आजीचा डिस्चार्ज प्लॅन

खरं तर डिस्चार्ज प्लॅनिंग आपल्याला नवीन नाही. आपल्या आज्यांना हा फंडा कधीचाच माहीत आहे. बाळंतीण घरी आली की सव्वा महिना! खोली ठरलेली, खाणं ठरलेलं, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू. जड उचलायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही. कोण स्वयंपाक करणार, कोण बाळाला न्हाऊ घालणार, सगळ्यांची कामं वाटलेली. त्यातल्या काही समजुती आज डॉक्टरांना पटणार नाहीत. पण रचना बघा. मुदत ठरलेली, माणसं ठरलेली, नियम घरातल्या पोरासोरांनाही पाठ. याहून भारी प्लॅन कुठल्या एमबीएनं केलाय?

सरकारी व्यवस्थेतही नीट बांधलेला डिस्चार्ज प्लॅन आहे तो बाळ-बाळंतिणीसाठीच. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातून घरी सोडायला मोफत गाडी आहे. मग आशाताईंच्या घरभेटी. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी, म्हणजे आजीच्या सव्वा महिन्याच्या जवळपासच!

या घरभेटींचं मूळ आपल्याच महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या गावांत नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं हा अभ्यास छापला आणि पुढं तेच मॉडेल देशभर गेलं. शिरूर कासारहून पाटोदा ओलांडून पुढं गेलं की लागतं जामखेड. तिथं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, पुष्कळदा शाळेत न गेलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. दवाखान्याची भिंत संपते तिथून त्यांचं काम सुरू व्हायचं. म्हणजे उत्तर सापडलंय, शेजारीच आहे. फक्त ते बाळंतिणीच्या पलीकडं फारसं गेलेलं नाही. बाळंतिणीला सव्वा महिना मिळतो. गर्भाशय काढलेल्या बाईला, बायपास झालेल्या बाबांना, लकवा मारलेल्या काकांना तो का मिळू नये?

दवाखान्यांना काय करता येईल?

पहिली गोष्ट, सुट्टीची तयारी सुट्टीच्या दिवशी करू नये. ती भरतीच्या दिवसापासूनच सुरू व्हावी. केस पेपरवर वय, वजन, रक्तगट लिहिताना चार साधे प्रश्न वाढवायचे. घरी कोण असतं? काम काय करता? पुढचे दोन महिने कुठल्या गावी असाल? फोन कुणाचा लागतो? ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची शस्त्रक्रिया तातडीची नसेल आणि खरोखर गरजेची असेल, तर ती ऑक्टोबरच्या तोंडावर कशाला? हंगाम संपवून गावी आल्यावर केली, तर पुढचे सहा आठवडे ती घरी असेल. तारीख थोडी हलवली, की निम्मा डिस्चार्ज प्लॅन तिथंच तयार!

दुसरी गोष्ट, शब्द. 'रेस्ट' लिहू नका. 'अमुक तारखेपर्यंत मोळी उचलायची नाही, पाण्याची घागर उचलायची नाही, ट्रॉलीवर चढायचं नाही' असं मराठीत, तारखेसकट लिहा. असा कागद मुकादमासमोर धरता येतो. आणि फेरतपासणी फडाजवळच्या सरकारी दवाखान्यात करायची असेल, तर तिथल्या डॉक्टरांसाठी चार ओळी सोबत द्या.

तिसरी, उलटं विचारणं. ''समजलं का?'' असं विचारलं की आपण सगळेच मान डोलावतो. ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा! त्याऐवजी सिस्टरनं म्हणायचं, ''आता घरी गेल्यावर काय करणार, ते तुम्ही मला सांगा.'' जगभर ही पद्धत वापरली जाते आणि तिला एक पैसाही लागत नाही.

चौथी, शिकवायचं ते पेशंटइतकंच नातेवाइकांनाही. बेंगळुरूच्या नारायण हृदयालयात 'नूरा हेल्थ'नं नेमकं हेच सुरू केलं. वॉर्डाबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांचे वर्ग घ्यायचे आणि जखम कशी बघायची, हात कसे धुवायचे, धोका कसा ओळखायचा, हे शिकवायचं. आज अनेक राज्यांतल्या सरकारी रुग्णालयांत हे वर्ग चालतात. नाहीतरी आपले लोक कॉरिडॉरमध्ये सतरंजी टाकून बसलेलेच असतात. त्या वेळेचा उपयोग तरी होतो!

आणि तुम्ही?

घरात बिल भरणारा, फाइल सांभाळणारा, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलणारा माणूस बहुतेक वेळा तुम्हीच असता. त्यामुळं प्रोजेक्ट मॅनेजरही तुम्हीच. फक्त कार्ड स्वाइप करून मोकळं होऊ नका. सुट्टीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांची दहा मिनिटं मागून घ्या. लाजायचं काय त्यात? समजेल असं सांगून घेणं हा पेशंटचा हक्कच आहे.

बॉक्स : सुट्टीच्या आदल्या दिवशी विचारायचे आठ प्रश्न

१. आजार काय होता आणि तुम्ही काय केलंत? एका वाक्यात, मराठीत.

२. जुन्या औषधांपैकी कुठली चालू, कुठली बंद? घरच्या गोळ्यांची पिशवीच सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर दोन ढीग करा.

३. औषधाचं मूळ नाव काय? ब्रँड गावात मिळेलच असं नाही. मूळ नाव लिहिलेलं असेल, तर दुसऱ्या कंपनीचं किंवा जनऔषधी दुकानातलं घेता येतं.

४. कुठली लक्षणं दिसली की थांबायचं नाही? ताप, जखमेतून पू, रक्तस्राव, दम लागणं, पायावर सूज, असं स्पष्ट लिहून घ्या. हृदय कमजोर असेल, तर रोज सकाळी वजन करायचं का आणि किती वाढलं की कळवायचं, हेही विचारा.

५. रात्री दोन वाजता फोन कुणाला? दवाखान्याचा चालू नंबर घ्या. इमर्जन्सीत १०८ आहेच.

६. काय उचलायचं नाही, काय खायचं नाही आणि कधीपर्यंत? तारीख हवी.

७. फेरतपासणी कधी, कुठं? दर वेळी पुण्याला यायलाच हवं, की बीडला चालेल?

८. घरी वीज नसेल, फ्रिज नसेल तर? इन्शुलिन वापरणाऱ्यांनी हे विचारायलाच हवं. प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधून मातीच्या माठात, सावलीत ठेवण्याचा उपाय बरेच डॉक्टर सुचवतात.

पैशांचंही थोडं लक्षात ठेवा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचार झाले असतील, तर सुट्टीनंतर दहा दिवसांपर्यंतची फेरतपासणी पॅकेजमध्येच धरलेली असते. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटून ते पक्कं करून घ्या. तुमच्या मेडिक्लेममध्येही सुट्टीनंतरच्या ठराविक दिवसांचा खर्च मिळतो. पॉलिसीनुसार हे दिवस बदलतात, म्हणून औषधांची, तपासण्यांची बिलं जपून ठेवा. आणि कॅशलेसच्या मंजुरीसाठी दिवसभर ताटकळत ठेवलं जात असेल, तर हे माहीत असू द्या : विमा नियामक 'इर्डाई'नं २०२४ मध्ये सांगितलंय, की दवाखान्याकडून डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत विमा कंपनीनं अंतिम मंजुरी द्यायची. वाचलेला वेळ बिलिंग काउंटरवर नको, सिस्टरशी बोलण्यात घालवा.

मग घरी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी फोन करा. ''बरंय ना?'' असं विचारू नका. आई काय, ''बरंय गं, तू तुझं काम बघ'' असंच म्हणणार. त्याऐवजी म्हणा, ''सकाळी कुठल्या गोळ्या घेतल्या, पाकिटं व्हिडिओ कॉलवर दाखव. जखम दाखव. पायावर बोट दाबून बघ, खड्डा पडतो का?'' सातव्या दिवशी पुन्हा. चौदाव्या दिवशी पुन्हा. आशाताईंचं वेळापत्रक आयतं आहे, तेच मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका. स्टँड-अप कॉलसाठी रोज पंधरा मिनिटं काढताच की!

आणि तुमच्या घरात, सोसायटीत, ओळखीत काम करणाऱ्या एखाद्या मावशींचं ऑपरेशन झालं असेल, तर आठव्या दिवशी ''कधीपासून येताय?'' असा फोन करू नका. त्यांची उचल तुमच्याकडं नसेल, पण रोज तुमच्याच हातात आहे. भरपगारी सव्वा महिना देऊन टाका. कुठल्याही हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डापेक्षा त्याचा गुण जास्त येईल.